लहान मुलांना नियम, कायदे आणि शासन समजावताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न प्रामुख्याने ३ ते १० वर्षे वयाच्या मुलांचे पालक आणि प्राथमिक वर्गांचे शिक्षक विचारतात. काहींची उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न खरोखरच अवघड आहेत.

नियमांविषयी बोलायला कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

आपण सुरुवात करण्याआधीच मुलांनी ती केलेली असते. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लहान मुलांना एक अगदी नवा खेळ दाखवण्यात आला आणि त्यानंतर एका बाहुलीने तोच खेळ भलत्याच पद्धतीने खेळायला सुरुवात केली. ३ वर्षांच्या मुलांना ते सहन झाले नाही. असे खेळायचे नसते, असे त्यांनी बाहुलीला बजावले. बाहुलीच्या चुकीमुळे त्या मुलांचे काहीही बिघडत नव्हते आणि तिला अडवल्याबद्दल त्यांना बक्षीसही मिळणार नव्हते. तरीही ‘या गोष्टीची एक रीत आहे आणि ती सर्वांना लागू आहे’ ही जाणीव त्यांच्यात होती.

या वयात ‘कायदा’ किंवा ‘शासन’ हे शब्द वापरण्याची गरज नाही. मात्र कोणत्याही नियमाला तीन प्रश्न विचारता येतात, ही सवय तेव्हापासून लावता येते : हा नियम कोणी केला, कशासाठी केला आणि तो बदलायचा असेल तर काय करावे लागेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मोठी माणसे कशीबशी देतात; तिसरा प्रश्न मात्र बहुतेक घरांत आणि वर्गांत कधी निघतच नाही. माझ्या अनुभवात नागरिकशास्त्राचे निम्मे शिक्षण त्या तिसऱ्या प्रश्नातच आहे, म्हणून या पानावर तो पुन्हा पुन्हा येईल.

इतक्या लहान मुलाला नियम बदलता येतो हे कळते का? त्याने नियमांचा आदरच सोडला तर?

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा आणि नशातेल येथील मुलांचा गोट्यांचा खेळ बारकाईने पाहून १९३२ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. लहान मुलांच्या दृष्टीने खेळाचे नियम वडीलधाऱ्यांकडून किंवा देवाकडून आलेले असत आणि ते बदलणे म्हणजे खोटेपणा असे. १० वर्षांच्या पुढची मुले मात्र ‘सगळे कबूल असतील तर बदलू’ असे म्हणत. पण त्यांच्या निरीक्षणातील खरी गंमत पुढे आहे. नियम अढळ आहेत असे ठामपणे सांगणारी हीच लहान मुले प्रत्यक्ष खेळताना आपापल्या मनाप्रमाणे खेळत होती, आणि नियम हा आपसांतील करार आहे असे मानणारी मोठी मुले तो अधिक काटेकोरपणे पाळत होती. तेव्हा नियम बदलता येतो हे कळल्याने मूल बेशिस्त होईल, या भीतीला फारसा आधार नाही.

नियम आणि कायदा यांतील फरक कसा सांगावा?

नियम एका घरापुरता, वर्गापुरता किंवा खेळापुरता असतो. कायदा त्या देशात किंवा प्रदेशात राहणाऱ्या सर्वांसाठी असतो. कायदा लिहिलेला असतो, तो कोणी करायचा हे आधीच ठरलेले असते आणि तो मोडला तर काय होईल हेही लिहिलेले असते. ६ ते ७ वर्षांच्या मुलाला एवढे पुरते. ‘आपल्या घरचा नियम शेजारच्या घरी चालत नाही, पण रस्त्यावरचा सिग्नल दोन्ही घरांतल्या माणसांसाठी लाल असतो’, या एका वाक्याने व्याख्येपेक्षा अधिक काम होते.

सगळे नियम सारख्याच कडकपणे शिकवावेत का?

मुळीच नाही, आणि मुलांनाही ते पटत नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरियेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांत लहान मुलांना साधारणपणे असे विचारले गेले : ‘बाईंनी परवानगी दिली, तर हे केलेले चालेल का?’ वस्तू ठरल्या जागी ठेवण्यासारख्या गोष्टींबाबत मुलांचे उत्तर ‘चालेल’ असे येई. दुसऱ्याला मारण्याबाबत मात्र ‘बाईंनी सांगितले तरी नाही’ असे ती म्हणत, कारण त्याला लागते. म्हणजे काही नियम इजा होऊ नये म्हणून असतात आणि काही केवळ एकमेकांशी मेळ बसावा म्हणून, हा भेद शाळेत जाण्याच्या वयातच उमजू लागलेला असतो. आपण दोन्ही प्रकारच्या नियमांसाठी एकाच पट्टीत रागावलो, तर त्यांना आधीच कळलेली गोष्ट आपणच पुसून टाकतो.

मेळ बसवणाऱ्या नियमाचे माझे आवडते उदाहरण स्वीडनचे आहे. तेथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता संपूर्ण देशाने उजवी बाजू धरली. रस्त्यावर असलेली वाहने त्याआधी १० मिनिटे थांबली, सावकाश दुसऱ्या बाजूला गेली आणि पाचच्या ठोक्याची वाट पाहत उभी राहिली. मुलांना हा प्रसंग जमिनीवर खडूने रस्ता आखून खेळण्यातल्या गाड्यांनी करून दाखवावा. ‘डावी बाजू चांगली की उजवी?’ असे विचारल्यावर मुले आधी वाद घालतात, मग एखादे मूल म्हणते की कोणतीही चालेल, पण सगळ्यांची एकच हवी. ९ ते १० वर्षांच्या मुलांना यापुढची गुंतागुंतही सांगता येते : १९५५ मध्ये या बदलाबाबत जनमत घेतले गेले तेव्हा सुमारे ८३ टक्के मते विरोधात पडली होती, ते जनमत सल्ल्यापुरते होते, आणि १९६३ मध्ये संसदेने तरीही बदलाचा निर्णय घेतला. हे योग्य झाले का? या प्रश्नावर मुलांचे एकमत होत नाही आणि ते होण्याची गरजही नाही.

‘मी सांगतो म्हणून’ हे उत्तर कधीच देऊ नये का?

मूल रस्त्याच्या कडेला पाऊल टाकत असताना कारणमीमांसा करीत बसणे शहाणपणाचे नाही. तेथे आधी हात धरावा आणि कारण नंतर, पलीकडे पोहोचल्यावर, आठवणीने सांगावे. ‘आठवणीने’ हा शब्द महत्त्वाचा, कारण हे ‘नंतर’ बहुतेक वेळा येतच नाही. ज्या नियमाचे कारण आपल्यालाच सांगता येत नाही, तो नियम मुलासमोर मान्य करून काढून टाकावा. ‘हा नियम तू लहान होतास तेव्हाचा आहे, आता तो लागत नाही’ असे घरातील मोठे माणूस म्हणते, तेव्हा कायदा रद्द होणे म्हणजे काय, हे मूल प्रत्यक्ष पाहत असते.

मुलांनाच नियम करू दिले तर गोंधळ होणार नाही का?

होतो, आणि तो होऊ द्यावा. एका पटांगणावर एकच झोपाळा आणि ५ ते ७ वर्षांची नऊ मुले असा प्रसंग मी आठ दिवस जवळून पाहिला आहे. पहिला नियम त्यांनी केला तो ‘जो आधी येईल त्याचा झोपाळा’ असा. दुसऱ्याच दिवशी लक्षात आले की तीनच मुले नेहमी आधी पोहोचतात. मग ‘प्रत्येकाला वीस झोके’ असे ठरले. झोके मोजायचे काम झोपाळ्यावर बसलेल्याकडेच होते, त्यामुळे ‘सात’ हा आकडा तीन-तीनदा येऊ लागला. मोजणी रांगेतल्या पुढच्या मुलाकडे गेली, तेव्हा त्याची जीभ झोपाळ्यापेक्षा वेगाने धावू लागली. शेवटी रांगेतल्या सर्वांनी मिळून मोठ्याने मोजायचे ठरले आणि तो वाद मिटला. शुक्रवारी पायाला प्लास्टर असलेल्या एका मुलाने विचारले की, मला इतका वेळ उभे राहता येत नाही, तर माझा नंबर कसा राहणार? बराच वेळ शांतता होती. मग एक मुलगी म्हणाली, ‘त्याची चप्पल ठेवू या ना रांगेत.’ त्या दिवसापासून चपलेचा नंबर हा नियम पुठ्ठ्यावर लिहिला गेला, आणि सोमवारपर्यंत सगळ्याच चपला रांगेत होत्या व मुले झाडाखाली बसून मोजत होती.

या आठ दिवसांत मी केलेले काम एवढेच की, प्रत्येक भांडणानंतर ‘आता नियमात काय बदलायचे?’ असे विचारले आणि कोणाला मारहाण होणार नाही एवढे पाहिले. दोन मर्यादा मात्र मोठ्यांनी आपल्या हाती ठेवाव्यात : सुरक्षिततेचे नियम चर्चेला ठेवू नयेत, आणि जेथे निर्णय आपण आधीच घेतलेला आहे तेथे मुलांचे मत विचारण्याचे नाटक करू नये. मुलांना हे नाटक लगेच ओळखू येते.

शासन म्हणजे काय, हे कसे समजवावे? कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ वगैरे शब्द फार जड आहेत.

शब्द जड आहेत, कामे जड नाहीत. वर सांगितलेल्या झोपाळ्याकडेच परत जावे. झाडाखाली बसून नियम ठरवणारी सगळी मुले म्हणजे कायदेमंडळ. मोजणी करणे, रांग लावणे, पुठ्ठा पावसात भिजू नये म्हणून आत नेणे, ही कार्यकारी मंडळाची कामे. आणि ‘अठरा झाले की वीस?’ असा वाद झाला, तर त्या वेळी रांगेत नसलेल्या दोघांना विचारायचे, हे न्यायमंडळ. झोपाळ्यावर बसलेल्याने स्वतःच मोजायचे नाही, हे त्या मुलांना तिसऱ्या दिवशी कळले. ज्याच्या हाती सत्ता आहे त्यानेच आपल्या सत्तेचे मोजमाप करू नये, या विचाराला १७४८ मध्ये फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी सत्ताविभाजनाच्या सिद्धांताचे रूप दिले. मुलांना माँतेस्क्यू सांगण्याची गरज नाही, पण शिक्षकाच्या मनात हा धागा असला की प्रश्न योग्य जागी विचारला जातो.

राजे, मंत्री, मोठी इमारत यांपासून सुरुवात केली, तर मुलाच्या मनात शासन म्हणजे कोणीतरी हुकूम सोडणारा माणूस, असे चित्र तयार होते. त्याऐवजी कामापासून सुरुवात करावी : नळाला पाणी येते, कचरा उचलला जातो, रात्री दिवे लागतात, आजारी माणसावर उपचार होतात. हे सगळे कोण करते, त्याचे पैसे कुठून येतात आणि ते नीट झाले नाही तर कोणाला सांगायचे? कर ही कल्पना येथे आपोआप येते. खेळाच्या सामानासाठी सर्वांनी थोडे थोडे पैसे एकत्र केले आणि चेंडू सर्वांचा झाला, ही गोष्ट पहिलीतल्या मुलालाही कळते.

आपल्या भाषेने येथे एक छान सोय करून ठेवली आहे. पकडापकडीत ज्याच्यावर ‘राज्य’ येते, तो धावून धावून दमतो आणि बाकीचे मजा करतात. राज्य असणे म्हणजे काम अंगावर येणे, हे मराठी मूल खेळताना केव्हाच शिकलेले असते. ते फक्त त्याच्या लक्षात आणून द्यायचे. तसाच ‘कच्चा लिंबू’. सगळ्यात धाकट्याला खेळात घ्यायचे, पण बाद धरायचे नाही, ही मुलांनी स्वतः केलेली सवलत आहे. लहान मुलांसाठी कायदे वेगळे का असतात, याचे उत्तर तिच्यापासून सुरू करता येते.

वर्गात निवडणूक घ्यावी का?

घ्यावी, पण आधी गोष्टींवर आणि मग व्यक्तींवर. कोणती कथा वाचायची किंवा कोणता खेळ खेळायचा, यावरचे मतदान हरलेल्या मुलाला सोसते. प्रमुखाची निवड फार लवकर घेतली, तर ती कोण किती लाडका आहे याची मोजणी ठरते आणि ज्याला एकच मत पडते त्या मुलाला त्या दिवशी लोकशाहीविषयी काहीही चांगले कळत नाही. गुप्त मतदान म्हणजे काय, हे दाखवण्यासाठी एकच विषय आधी हात वर करून आणि मग चिठ्ठ्या टाकून मतदानाला घ्यावा. दोन्ही निकाल बहुधा वेगळे येतात, आणि मैत्रिणीकडे पाहून वर गेलेला हात चिठ्ठी लिहिताना मोकळा झाला, हे मुलेच सांगतात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मतदानाची मर्यादा. ‘त्याला खेळायला घ्यायचे नाही’ असा ठराव कधीतरी कोणीतरी मांडतेच. तेथे थांबून सांगावे की काही गोष्टी मतदानाला टाकता येत नाहीत, मग बहुमत कितीही मोठे असो. देशांच्या राज्यघटना हेच काम करतात : नियम कोणी आणि कसे करायचे हे त्या ठरवतात, आणि कोणत्या गोष्टी बहुमतालाही हिरावून घेता येणार नाहीत हेही त्या सांगतात. वर्गाचीही अशी दोन-तीन कलमे असावीत. खेळातून कोणालाही वगळायचे नाही, हे त्यांतले पहिले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आम्हाला खरे मत का देता येत नाही?’ असे मुले विचारतात. बहुतेक देशांत मतदानाचे वय १८ आहे. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये ते १६ वर आणले. म्हणजे ही रेषासुद्धा माणसांनीच आखलेली आहे. मत देता येत नसले, तरी मत मांडता येते : संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमानुसार, मुलांशी संबंधित बाबींमध्ये त्यांचे म्हणणे त्यांचे वय आणि समज लक्षात घेऊन विचारात घेतले गेले पाहिजे.

मूल ऐकत नसेल तर ‘पोलिसांना बोलावीन’ असे सांगणे योग्य आहे का?

नाही. गर्दीत हरवलेल्या मुलाने ज्या गणवेशाकडे धावत जायला हवे, त्याच गणवेशाला घाबरून ते लपून बसेल.

चूक केली की शिक्षा, एवढेच मुलांच्या डोक्यात बसते. न्यायाची कल्पना कशी द्यावी?

यानुश कोर्चाक हे पोलिश डॉक्टर वॉर्सा येथे १९१२ पासून अनाथ मुलांचे वसतिगृह चालवत. तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. त्या आठवड्यात ज्यांच्यावर तक्रार नाही अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात. त्यांच्या संहितेतील पहिली ९९ कलमे माफीची किंवा निर्दोष ठरवण्याची होती. कठोर कलमे त्यानंतर शंभर-शंभराच्या टप्प्याने येत आणि सर्वांत शेवटचे, म्हणजे १००० वे, वसतिगृहातून काढून टाकण्याचे होते. मोठ्यांवरही तक्रार करता येई आणि कोर्चाक स्वतःही त्या न्यायालयापुढे उभे राहिले. १९४२ मध्ये नाझींनी या मुलांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेले, तेव्हा कोर्चाक त्यांच्याबरोबरच गेले आणि तेथेच मारले गेले.

असे न्यायालय प्रत्येक वर्गात भरवावे, असे मी सुचवणार नाही. त्यासाठी मुलांना रोज जवळून ओळखणारे मोठे माणूस लागते, नाहीतर त्याचे रूपांतर पाहता पाहता चारचौघांत अपमान करण्याच्या कार्यक्रमात होते. मात्र त्यातील क्रम उचलण्यासारखा आहे. आधी दोन्ही बाजू ऐकायच्या, मग नुकसान भरून कसे निघेल ते पाहायचे आणि शिक्षेचा विचार सर्वांत शेवटी करायचा. सांडलेले रंग पुसणे ही भरपाई आहे. रंग सांडले म्हणून मधल्या सुट्टीत कोपऱ्यात उभे करणे याचा रंगांशी काहीही संबंध नाही.

माझे मूल सतत इतरांच्या चहाड्या सांगते. हे नियमप्रेम समजावे का?

५ वर्षांच्या आसपास ते बहुधा तसेच असते. पहिल्या उत्तरातील बाहुलीला अडवणारे मूलच येथे थोडे मोठे झालेले आहे. त्याला झिडकारू नये आणि शाबासकीही देऊ नये. ‘कोणाला लागेल म्हणून सांगतो आहेस, की त्याला ओरडा बसावा म्हणून?’ एवढेच विचारावे. पहिले असेल तर ताबडतोब उठावे.

मोठी माणसेच नियम मोडतात आणि मूल बोट दाखवते. अशा वेळी काय करावे?

कबूल करावे. सिग्नल तोडल्यावर ‘आज घाई होती’ असे म्हटले, की घाई असेल तर नियम लागू नसतो हा पोटनियम मुलाने लगेच नोंदवलेला असतो. कायदा सर्वांना सारखा असतो, हे वाक्य मुलाने सर्वांत आधी आपल्यावरच तपासलेले असते.

कायदाच चुकीचा असू शकतो, हे मुलांना सांगावे का?

सांगावे, आणि त्याबरोबर तो बदलला कसा गेला हेही सांगावे. न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नव्हते. केट शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर फिरून सह्या गोळा केल्या, सह्यांचे कागद एकाला एक चिकटवून त्यांची लांबलचक गुंडाळी केली आणि १८९३ मध्ये ती संसदेच्या सभागृहात जमिनीवर उलगडली गेली. त्याच वर्षी कायदा बदलला. राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार देणारा तो पहिला स्वशासित देश ठरला. मुलांकडून कोरे कागद चिकटवून अशी गुंडाळी करून घ्यावी आणि वर्गात उलगडावी. ती दाराबाहेर गेली की ‘एवढ्या बायका?’ हा प्रश्न येतोच.

आपली राजकीय मते मुलांसमोर मांडावीत का?

घरी मांडावीत, कारणांसह आणि दुसऱ्या बाजूला शिव्या न देता. वर्गात शिक्षकाने ती स्वतःजवळ ठेवावीत.

मुलाला हे सगळे समजले आहे, हे कसे ओळखावे?

व्याख्या पाठ म्हणून दाखवता येणे हा पुरावा नव्हे. जोसेफ ॲडेल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात ११ ते १८ वर्षांच्या मुलांना एक कल्पना करायला सांगितली होती : हजार माणसे नव्या समाजाची उभारणी करण्यासाठी एका बेटावर गेली आहेत, तेथे कायदे कसे असावेत? लहान वयाच्या मुलांचे उत्तर एखादा कायदा चालत नसला, तर शिक्षा वाढवा, असे असे. कायद्यातच दुरुस्ती करावी, हे त्यांना सहसा आपणहून सुचत नसे. त्यामुळे ८ ते ९ वर्षांच्या मुलाला ‘हा नियम बदलायचा असेल तर काय करावे लागेल?’ हा सुरुवातीचा तिसरा प्रश्न आपणहून सुचला, तर बरेच साधले असे समजावे.

झोपाळ्याचा तो पुठ्ठा पुढच्या वर्षीही भिंतीवर होता. नव्याने आलेल्या एका ६ वर्षांच्या मुलीने तो अक्षर लावून वाचला आणि विचारले, ‘हे कोणी लिहिलंय? त्यांना विचारून बदलता येईल का?’ ज्यांनी लिहिले होते ती मुले वरच्या वर्गात गेली होती, म्हणून आम्ही तिला तिकडे पाठवले. ती परत आली ती खडू घेऊनच. ‘ते म्हणाले, आता झोपाळा तुमचा आहे, तुम्हीच ठरवा.’ त्या वर्षी मुले जास्त होती. चर्चा होऊन वीसचे पंधरा झोके झाले. चपलेच्या नंबराचा नियम मात्र त्यांनी पुसला नाही, पायाला प्लास्टर असलेले कोणीही त्या वर्षी नव्हते तरी.